घर क्रमांक ११ : एका वंशावळीचे प्रकरण

माझी एक जुनी विद्यार्थिनी मानवशास्त्राच्या एम.ए.चा लघुप्रबंध करायला मे महिन्यात शहाद्याच्या स्टँडवर उतरली, तेव्हा तिच्या पिशवीत दोन शंभरपानी वह्या, ड्रॉइंगच्या कागदाची गुंडाळी आणि विभागाने दिलेल्या संमतिपत्रांचा गठ्ठा होता. जून संपता संपता ती परत निघाली. गुंडाळीतले कागद गावात वाटून झाले होते, एक सोडून. त्या एका कागदाचे हे प्रकरण आहे.

पाड्याचे, जमातीचे आणि बोलीचे नाव मी देणार नाही. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, एवढे पुरे. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दोन तृतीयांशाहून जास्त लोक अनुसूचित जमातींचे आहेत, तेव्हा एवढ्या खुणेवरून कोणी त्या घरापर्यंत पोहोचणार नाही. टोपणनावही दिलेले नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या आपल्या गावाला ‘रामपुरा’ म्हटले, पण ते गाव कोणते हे आज या विषयाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला सांगता येते.

माझा संबंध असा : मी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. आमच्याकडची मुले मानवशास्त्रात येतात ती एकतर समाजशास्त्रातून, नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या वाटेने. वैकल्पिक विषय म्हणून पुस्तके आणतात, परीक्षा राहते बाजूला आणि विषय लागतो मागे. ही दुसऱ्या वाटेने आली होती. पुण्याच्या विद्यापीठातल्या तिच्या मार्गदर्शक बाईंनी मला फोन करून सांगितले, “तुम्ही जवळ आहात, जरा लक्ष ठेवा.” मी लक्ष ठेवले. पुढे जे झाले त्यातली पहिली चूकही मीच केली.

विषय चांगला होता

दिवाळी झाली की पाडा अर्धा रिकामा होतो. माणसे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला जातात. ही वाट नवी नाही. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने तिथल्या कारखान्यांवर खानदेशातून येणाऱ्या तोडकऱ्यांबद्दल १९७० च्या दशकातच लिहिले आहे. मुकादम उचल देतो आणि कोयते जमवतो. कोयता म्हणजे अवजारही आणि तोडणारी जोडीही. तिचा प्रश्न साधा होता : मुकादम आपले कोयते कुठल्या नात्यातून जमवतो? भावकीतून, की सोयऱ्यांतून?

प्रश्न नात्यांचा, म्हणून वंशावळी घेणे आले. ही पद्धत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांची. १८९८ मध्ये केंब्रिजची मोहीम ऑस्ट्रेलियाजवळच्या टॉरेस सामुद्रधुनीत गेली, तिच्यात हे गृहस्थ होते, मुळात डॉक्टर. डोळ्यांची आणि इतर इंद्रियांची क्षमता घराण्यात चालत येते का हे तपासायला त्यांनी बेटावरच्या लोकांची घराणी लिहून घेतली, आणि लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आले की सगळा समाजच त्या कागदावर उतरतो आहे. १९१० मध्ये त्यांनी ही पद्धत सविस्तर मांडली. ‘बाप’, ‘भाऊ’ हे शब्द प्रत्येक भाषेत वेगळे पसरलेले असतात, म्हणून आधी फक्त जन्म देणारे आईबाप आणि पोटची मुले विचारायची, नावे लिहायची, आणि मग एकेका नावाला तुम्ही काय हाक मारता ते विचारायचे. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, मध्ये दोन समांतर रेघा म्हणजे लग्न, वर तिरकी रेघ म्हणजे माणूस गेलेले. वर्गात हे एका तासात शिकवून होते.

वर्गात न शिकवलेली गोष्ट म्हणजे आपल्या भागात हा प्रश्न आधीपासूनच विचारला जातो. मी लहानपणी दुसऱ्या गावात सायकल घेऊन गेलो की ओट्यावरचे म्हातारे विचारायचे, “कोना आंडोर शेस रे तू?” म्हणजे कोणाचा मुलगा तू? उत्तर ऐकून त्यांचा आवाज बदलायचा, कधी गूळ-पाणी यायचे, कधी नाही. विचारणारा कोण आहे ते पाहून उत्तर द्यायचे, हे आम्हाला न सांगता कळायचे.

पाडा तिच्या आईच्या माहेरचा. तिथे ती भाची. ही सूचना माझी : राहायची सोय, बोली येते, बायका मोकळ्या बोलतील. तिच्या बाईंना ती फारशी पसंत नव्हती, त्यांचे म्हणणे होते की पहिल्या कामाला परके गाव बरे. मी म्हटले, परके गाव एवढ्या थोड्या दिवसांत काय सांगणार? अजूनही मला तो सल्ला पूर्ण चुकला असे वाटत नाही.

चूक दुसरीकडे झाली. लोकांचा एवढा वेळ घेतेस तर काहीतरी परत दे, असे मी तिला म्हणालो. प्रत्येक घराची वंशावळ मोठ्या कागदावर सुबक काढून त्या घराला भेट दे, खाली तुझे नाव घाल. कल्पना तिला आवडली. मलाही स्वतःवर जरा खूश व्हायला झाले होते. अठरा घरे, अठरा कागद. रंगीत स्केचपेनने तिने ते असे काढले की पहिल्या आठवड्यात दिलेले कागद लोकांनी भिंतीवर खिळे ठोकून लावले.

आजी काय म्हणाली

घर क्रमांक ११ मध्ये तिच्या आईची मावशी राहते. तिच्यासाठी ती आजी, आणि आजीचा मुलगा मामा. मामा बारावीपर्यंत शिकलेला, पाड्यात कागदपत्रांचे काम पडले की लोक त्याच्याकडे येतात. त्याचा मुलगा त्याच वर्षी बारावी झालेला.

आजीने पहिल्याच दिवशी संमतिपत्रावर अंगठा दिला होता. वंशावळ मात्र मामाने सांगितली, सरळ, अडखळल्याशिवाय : मुलगा, तो स्वतः, बाप, आजोबा, पणजोबा. पाच पिढ्या, एक आडनाव. आजोबा आणि घर क्रमांक ४ मधल्या म्हाताऱ्याचे वडील हे सख्खे भाऊ, असे त्याने सांगितले.

दोन दिवसांनी रात्री जेवताना आजी आपल्या सासऱ्याबद्दल बोलायला लागली. मामा बाहेर होता. ज्वारीची भाकर, उडदाची डाळ, आणि गप्पा उसाच्या, कोण कोणाबरोबर गेले याच्या. आजी म्हणाली की भावाबरोबर उसात जाऊ नये, उचलीवरून भांडण होते. मेहुण्याबरोबर जावे, बहिणीसाठी तो गप्प बसतो. (प्रबंधाचे सगळ्यात चांगले वाक्य हेच निघाले. टोळ्यांत सोयरे जास्त, भावकी कमी, हे पुढे बहुतेक घरांत दिसले.) आणि मग सहज म्हणाली, “माझा सासरा तर इथला नव्हताच. घरजावई आला होता. दुसऱ्या लोकांतला.” चार नंबरच्या घरची मुलगी त्याला दिली, काही वर्षे त्याने सासऱ्याच्या शेतात राबून काढली, पंचांनी बोकड कापून त्याला आपल्यात घेतले, त्याला त्याच घराचे आडनाव मिळाले.

म्हणजे मामाचा आजोबा चार नंबरच्या घरचा मुलगा नव्हता, जावई होता.

‘दुसऱ्या लोकांतला’ असे मी मराठीत लिहितो आहे. आजीने बोलीत वापरलेला शब्द बराच सैल आहे. त्याचा अर्थ दुसऱ्या कुळाचा असा होतो, दुसऱ्या गावचा असाही होतो, नदीपलीकडचा असाही, आणि कधी कधी वेगळ्या जमातीचा असाही. चारांतला कोणता, हे एका पुढच्या प्रश्नाने कळले असते. माझ्या विद्यार्थिनीने तो विचारला नाही. भाकर मोडत बसली. रात्री खाटेवर मोबाइलच्या उजेडात तिने आजीचे बोलणे दुसऱ्या वहीत जसेच्या तसे लिहिले आणि खाली लिहिले, “विचारले नाही.”

क्षेत्रकार्याच्या कुठल्याही शिक्षकाने हे वाचून सुस्कारा सोडला असता. मीही सोडला.

आता कागदावर काय काढायचे? तिने चार नंबरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाबांना त्यांच्या वंशावळीबद्दल पुन्हा विचारले, कारण पद्धत तसेच सांगते, एकाने दिलेले दुसऱ्याकडून ताडून पाहा. बाबा म्हणाले, हो, ती माझी आत्या, आणि तो आमचा जावई. कुठून आला हे त्यांनी सांगितले नाही, तिने विचारले नाही. चार नंबरचा कागद तिने तसाच पुरा केला. आत्याचे वर्तुळ, दोन रेघा, जावयाचा त्रिकोण. बाबांनी तो दाराशेजारी लावला.

मामाची मागणी

तिसऱ्या दिवशी मामा चार नंबरच्या घरी चहाला गेला आणि तो कागद त्याने वाचला.

तो तिच्यावर ओरडला नाही. संध्याकाळी एक फाइल घेऊन तिच्यासमोर बसला. फाइल मुलाच्या जमात वैधतेची होती. हे न समजता प्रकरण कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या जागेवर व्यावसायिक शिक्षणाचा प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला एकटा पुरत नाही, पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. २००१ च्या महाराष्ट्र अधिनियम २३ प्रमाणे दावा सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर आहे. वंशावळ शपथेवर द्यावी लागते, आणि धरली जाते ती बापाकडची. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या ६ सप्टेंबर १९५० च्या आदेशाने झाली, म्हणून त्याआधीची शाळेची किंवा महसुलाची नोंद सापडली तर तिला मोठे वजन. दक्षता पथक घरी येऊन चौकशी करते. माधुरी पाटील प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या चौकशीची जी रीत घालून दिली, तिच्यात जमातीची मानवशास्त्रीय लक्षणे तपासायला सांगितले आहे : देव, विधी, लग्नाची पद्धत, मृत्यूचे संस्कार, प्रेत पुरण्याची रीत. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की ही आप्तभावाची चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, काळाबरोबर लोकांच्या रीती बदलतात. पण पाड्यापर्यंत निकाल सावकाश पोहोचतात, पथक आधी पोहोचते.

त्यामुळे पाड्याच्या लेखी मानवशास्त्र म्हणजे पडताळणीचेच शास्त्र. मामाच्या फाइलमध्ये १८८० च्या खानदेश गॅझेटियरच्या पानांची झेरॉक्स होती, आणि इंग्रज अधिकारी एन्थोवेनच्या १९२०–२२ मधल्या जाती-जमातींच्या तीन खंडांपैकी एकातली. कुठून कुठून मिळवलेली, पुसट, काही ओळींखाली लाल पेनने रेघ. मामाने विचारले, “यात आमच्या लग्नाची जी रीत लिहिलीय ती आमच्याकडे नाही. पोराला काय सांगायला लावू, आमची की यातली?”

ही ओळ मी आता दर वर्षी वर्गात सांगतो. शंभर वर्षांपूर्वी एका साहेबाने कोणाला तरी विचारून लिहिले, आणि आज त्याच लोकांचा पणतू आपली संस्कृती झेरॉक्सवरून पाठ करतो आहे. तिच्याकडे उत्तर नव्हते. “तुमची सांगा,” असे ती म्हणाली, आणि तसे म्हणणे तिला सोपे होते हे तिला तेव्हाच जाणवले. तिचे स्वतःचे वैधता प्रमाणपत्र वडिलांच्या बाजूने, दुसऱ्या तालुक्यातून, केव्हाच झालेले होते. या घराच्या कागदाने तिचे काहीच बिघडणार नव्हते.

मग मामाने दोन गोष्टी मागितल्या. एक, चार नंबरचा कागद दुरुस्त करून दे, तिथे आजोबाला भाऊ दाखव. दोन, आमच्या घराचा कागद दे, मी सांगितला तसा, आणि खाली तुझ्या नावाबरोबर विद्यापीठाचे नाव टाक, जमले तर शिक्का. “सगळ्यांना दिलास. मला का नाही?”

याला उत्तर देणे अवघड होते, कारण तिने तसे कबूल केले होते, आणि ती कबुली मी तिच्याकडून द्यायला लावली होती.

रात्रीचा फोन

तिने मला फोन केला तेव्हा साडेदहा झाले होते. मी ऐकून घेतले आणि म्हणालो, मामाने सांगितले ते त्याच्या घराचे म्हणणे आहे, ते जसे सांगितले तसे काढून दे. वंशावळ ही शेवटी सांगणाऱ्याचीच असते. शिक्का मात्र देऊ नकोस.

“सर, मग एकाच पाड्यात, माझ्याच अक्षरात, एक माणूस एका भिंतीवर जावई आणि दुसऱ्या भिंतीवर भाऊ,” ती म्हणाली. “पथक आले तर दोन्ही घरांत जाईल.”

मला हे सुचायला हवे होते. बाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितले की नावे काढ, आकडे घाल आणि पुढे जा. प्रबंधापुरते ते बरोबर होते. पण भिंतीवरच्या कागदाला आकडे घालता येत नाहीत.

या ठिकाणी नायजेरियातल्या तिव लोकांचे उदाहरण आठवते. तिथे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी न्यायनिवाड्यासाठी लांबलचक वंशावळी लिहून ठेवल्या होत्या, कारण तिव लोक हक्क आणि कर्तव्ये त्यांच्याच आधाराने सांगत. चाळीस वर्षांनी तेच लोक म्हणू लागले की हे कागद चुकीचे आहेत. अधिकाऱ्यांना वाटे, लबाडी चालली आहे. मानवशास्त्रज्ञ लोरा बोहॅनन यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले की वंशावळ आजच्या संबंधांप्रमाणे सरकत असते; कोण कोणाच्या जवळ राहतो, कोण कोणाला मदत करतो, ते बदलले की पूर्वजही जागा बदलतात, आणि लोकांना त्यात काही खोटे वाटत नाही. लिहून ठेवलेली प्रत मात्र जिथल्या तिथे राहते.

मामा खोटे बोलत होता का? माझे मत, नाही. आणि आजीही नाही. पंचांनी बोकड कापला त्या दिवशी पाड्याच्या हिशेबाने तो माणूस घरचा झाला, त्याच्यापुढे विचारायचे काही उरले नाही. रिव्हर्सच्या पद्धतीला जन्म देणारा बाप हवा. समितीलाही तोच हवा, वेगळ्या कारणाने. घरजावयाची रीत या दोघांच्याही रकान्यात बसत नाही. माझी विद्यार्थिनी रिव्हर्सचा प्रश्न घेऊन गेली, आणि लोकांना तो समितीचा वाटला. शब्दच सारखे होते, मग त्यांना दोष कसा द्यायचा?

तिने काय केले

पहिल्यांदा ती आजीकडे गेली आणि दुसऱ्या वहीतले तिचे बोलणे तिला वाचून दाखवले. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे तू कधी लिहिलंस? जेवायला बसली होतीस तेव्हा वही कुठं होती?” संमतिपत्राचा अंगठा आजीच्या ध्यानातही नव्हता. त्या छापील कागदावर लिहिले होते की दिलेली माहिती फक्त शैक्षणिक कामासाठी वापरली जाईल. सांगणारी आजी, सही आजीची, आणि नुकसान झालेच तर नातवाचे, ज्याला कोणी काही विचारलेच नव्हते. असे संमतिपत्र वंशावळीला पुरे पडत नाही, हे मी आता विभागाच्या बैठकीतही म्हणतो. एका माणसाच्या परवानगीने त्यात वीस माणसे उतरतात, निम्मी मेलेली.

मग ती मामाकडे गेली आणि सांगितले की तुमच्या घराचा कागद मी काढणार नाही, तुमच्या म्हणण्याप्रमाणेही नाही आणि आजीच्याही नाही. कारणही सांगितले, चार नंबरच्या भिंतीसकट. मामा म्हणाला, “म्हणजे तू पुण्यात सगळं लिहिणार आणि आम्हाला नाही देणार.” तिने सांगितले की पुण्यातही ११ नंबर नसेल. त्याने विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या घरचा चहा मामीने दिला, मामाने बोलावले नाही.

चार नंबरचा प्रश्न तिने सोडवला नाही, बाबांनी सोडवला. ती त्यांच्याकडे कागद बदलू का असे विचारायला गेली. बाबांनी सगळे ऐकले, उठले, खिळा काढला आणि कागद गुंडाळून वळचणीत खोचला. “माझा बाप त्याला भाऊच म्हणायचा,” ते म्हणाले. “जावई मी म्हटलं, कारण तू नातं विचारलंस.”

हे वाक्य तिने वहीत लिहिले, यावेळी त्यांच्यासमोर आणि विचारून.

प्रबंध सतरा घरांचा झाला. घर क्रमांक ४ च्या आकृतीत आत्याचे वर्तुळ आहे, तिच्या लग्नाची रेघ नाही. एका तळटीपेत लिहिले आहे की एका घराची माहिती घरच्या लोकांच्या हितासाठी वगळली आहे. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके तेच धरले. घरे १ ते १८, आकृत्या सतरा, ११ गेला कुठे? ती म्हणाली, तो मी काढलेला नाही. त्यांनी विचारले की मग क्रमांक पुन्हा लावून १७ का केले नाहीत, कोणाच्या लक्षातही आले नसते. ती म्हणाली, मोकळी जागा दिसावी म्हणून. मार्क थोडे कापले गेले असावेत. मला ते उत्तर प्रबंधातल्या बऱ्याच पानांपेक्षा आवडले.

मुलाच्या प्रमाणपत्राचे काय झाले हे मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर वाचणारे त्यावरूनच तिचा निर्णय बरोबर की चूक ते ठरवतील, आणि निर्णय घेताना तिला ते ठाऊक नव्हते.

एका गोष्टीवर आमचे अजून जमत नाही. विभागाला मूळ टिपणे जमा करून हवी होती. तिने पहिली वही दिली, दुसरी दिली नाही. वकिलाला अशिलाचे बोलणे झाकून ठेवण्याचे जे कायदेशीर संरक्षण असते ते संशोधकाच्या वहीला नाही. कपाटात पडलेली वही कोणी रीतसर मागितली तर द्यावी लागू शकते, हा तिचा मुद्दा मला मान्य आहे. पण टिपणे नसली तर उद्या कोणी प्रबंधावर बोट ठेवले तर दाखवायचे काय? मी म्हणालो होतो, पाकिटात बंद करून बाईंकडे ठेव. तिने वहीतली ती चार पाने कापली आणि होळीला पाड्यात गेली तेव्हा आजीला देऊन टाकली. आजीने ती रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवली.

आजीला वाचता येत नाही, मामाला येते, हे मी तिला म्हटले. ती म्हणाली, पेटीची किल्ली आजीच्या कमरेला असते.